भावी आमदार आणि मागे उरलेली जिल्हा परिषद



महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर एखादा फ्लेक्स हमखास दिसतो. वर पक्षाच्या नेत्यांचे गोल फोटो, मध्ये हात जोडून उभा असलेला पांढऱ्या कपड्यांतला माणूस, खाली जिल्हा परिषदेतले त्याचे पद आणि त्याहून मोठ्या अक्षरांत ‘भावी आमदार’. आपण या फलकाला हसतो. मला मात्र त्या महत्त्वाकांक्षेत काही गैर वाटत नाही. रस्ते, शाळा, पाणी आणि पाझर तलाव यांत चार-पाच वर्षे डोके घातलेल्या माणसाला विधानसभेत जावेसे वाटणे हे लोकशाहीचे चांगले लक्षण आहे. विधानसभेवर थेट उतरणाऱ्या बिल्डरापेक्षा किंवा वारसापेक्षा असा माणूस केव्हाही बरा. स्थानिक राजकारणावर बोलताना या चढणाऱ्या माणसाकडेच सगळ्यांचे लक्ष असते: तो कुठून आला, तिकीट कसे मिळवले, कोणाला पाडले. तो वर गेल्यावर ज्या संस्थेतून गेला तिचे काय झाले, हे फारसे कोणी विचारत नाही. आज तेवढेच तपासायचे आहे. खालून वर गेलेला माणूस खालच्या संस्थेचा कैवारी होतो, असे आपण गृहीत धरतो. महाराष्ट्राचा अनुभव उलट आहे. स्थानिक संस्थांना अधिकार मिळतात ते कोणाच्या जुन्या आठवणींमुळे मिळत नाहीत. वरच्यांना खाली भागीदार हवे असतात तेव्हाच मिळतात.

आधी चढणाऱ्यांचा हिशेब पाहू. 1995 पासून 2025 पर्यंत महाराष्ट्राने नऊ व्यक्तींना मुख्यमंत्रिपदी पाहिले. त्यांपैकी पाच स्थानिक संस्थांतून आलेले. मनोहर जोशी 1968 मध्ये मुंबईत नगरसेवक झाले, पुढे महापौर आणि 1995 मध्ये मुख्यमंत्री. नारायण राणे 1985 मध्ये मुंबई महापालिकेत निवडून आले. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्य होते आणि 1980 मध्ये आमदार झाले. देवेंद्र फडणवीस 1992 मध्ये नागपुरात नगरसेवक आणि 1997 मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी महापौर झाले. एकनाथ शिंदे 1997 मध्ये ठाण्यात नगरसेवक, मग महापालिकेत सभागृह नेते, 2004 मध्ये आमदार. या पाच जणांच्या कारकिर्दी एकत्र केल्या तर तीस वर्षांतली सुमारे वीस वर्षे राज्याचा कारभार सरपंच, नगरसेवक किंवा महापौर राहिलेल्या माणसांच्या हाती होता. मंत्रिमंडळांत आणि विधानसभेत तर अशांची रेलचेलच. म्हणजे स्थानिक स्वराज्याचे पांग फिटावेत असा हा काळ. शिवाय याच काळात 73वी आणि 74वी घटनादुरुस्तीही पाठीशी होती.

प्रत्यक्षात काय घडले? सर्वांत श्रीमंत संस्थेपासून सुरुवात करू. मुंबई महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटी रुपयांचा होता. पण 1888 च्या कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे दिले ते आजही त्याच्याकडेच आहेत, आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. महापौराला अडीच वर्षे मिळतात, गाडी मिळते, सभागृहाचे अध्यक्षपद मिळते. हे बदलण्याचा एक प्रयत्न जोशींच्या कारकिर्दीत 1998 मध्ये झाला. मुंबई आणि नागपुरात ‘मेयर-इन-कौन्सिल’ आणून निवडून आलेल्यांच्या हाती कारभार देऊन पाहिला. मुंबईत तो वर्षभरात गुंडाळला गेला. त्या वेळी नागपूरचे महापौर असलेले फडणवीस पुढे मुख्यमंत्री झाले, पण 2014 ते 2019 या पूर्ण मुदतीत त्यांनीही तो प्रयोग पुन्हा केला नाही. त्यांच्याच सरकारने ऑगस्ट 2015 मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी स्थानिक संस्था कर (एलबीटी) रद्द केला. जकात गेल्यानंतर मुंबईबाहेरच्या महापालिकांना उरलेले ते मोठे हक्काचे उत्पन्न होते. त्याच्या जागी आले सरकारी अनुदान. व्यापाऱ्यांचा जाच संपला हे खरे. पण स्वतः वसूल केलेला रुपया आणि मंत्रालयाकडून दरमहा येणारा रुपया यांच्या मागचा रुबाब सारखा नसतो.

प्रभागरचनेचेही तेच. मुंबई वगळता महापालिकांत 2002 ला तीन सदस्यांचा प्रभाग, 2007 ला एकाचा, 2012 ला दोघांचा, 2017 ला चौघांचा. एका प्रभागात चार नगरसेवक असले की गटार तुंबल्यावर कोणाचे दार वाजवायचे हे मतदाराला कळत नाही, आणि केलेल्या कामाचे श्रेय कोणाला द्यायचे हे तर मुळीच नाही. नगराध्यक्ष आणि सरपंच थेट जनतेतून निवडायचे, असे 2016-17 मध्ये ठरले. 2019 मध्ये सरकार बदलल्यावर 2020 मध्ये ते रद्द झाले. 2022 मध्ये पुन्हा सरकार बदलले तेव्हा ते परत आले. या तिन्ही निर्णयांच्या बाजूने पानेच्या पाने युक्तिवाद झाले. खाली कोणत्या पद्धतीने कोणाचा पक्ष जास्त जागा मिळवील, हाच खरा प्रश्न होता. इथे सर्व पक्ष एकाच रांगेत उभे आहेत, एवढे न्यायाने म्हटले पाहिजे.

कळस झाला तो प्रशासकांच्या काळात. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला, प्रभागरचना कोण करणार यावर ओढाताण झाली आणि 2022 पासून एकेक महापालिका व जिल्हा परिषद प्रशासकाच्या ताब्यात गेली. मुंबईची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. त्यानंतर तिथे जे घडले ते नीट पाहण्यासारखे आहे. आयुक्त अर्थसंकल्प मांडतो, स्थायी समिती तो फिरवून पाहते, सभागृह भांडते, मग तो मंजूर होतो, अशी रीत. या काळात आयुक्त आणि प्रशासक एकच होते. आयुक्त म्हणून मांडायचा आणि प्रशासक म्हणून स्वीकारायचा. एका सहीने दुसरीला मान्यता द्यायची. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावले, आणि वर्षाच्या अखेरीस नगरपरिषदांपासून मतदानाला सुरुवात झाली. मुद्दा विलंबाचा नाही. तीन वर्षांहून अधिक काळ लोकनियुक्त सभागृहे नव्हती आणि माजी नगरसेवक-माजी झेडपी सदस्यांनी भरलेल्या विधानसभेला त्याने फारशी अस्वस्थता आली नाही. निवडणुका घेण्यासाठी दडपण आले ते न्यायालयाचे. या अवधीत आमदारांचे वजन वाढलेच.

असे का होते, हे कळायला जिल्हा परिषद सदस्याचा रोजचा व्यवहार पाहावा लागतो. त्याच्या गटात वीस-पंचवीस गावे. रस्ता करायचा तर जिल्हा परिषदेच्या स्वनिधीत दम नाही. पैसा असतो तो ग्रामविकास विभागाच्या 2515 या लेखाशीर्षात. त्याचे अधिकृत वर्णनच लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामे असे आहे. लोकप्रतिनिधी तर झेडपी सदस्यही असतो, पण मंत्रालयात पत्र चालते ते आमदाराचे. त्यात आमदाराचा स्वतःचा वर्षाचा पाच कोटींचा विकास निधी. गावात सभामंडप झाला की कोनशिला बसते. ती वरून खाली वाचत या. पालकमंत्र्यांचे नाव ठळक, मग खासदार, मग आमदार, त्याखाली बारीक अक्षरांत जिल्हा परिषद अध्यक्ष, आणि दगड संपता संपता सरपंच. गावकरी ती रोज वाचतो आणि बरोबर तो धडा घेतो. काम हवे तर आमदाराकडे जावे. मग झेडपी सदस्यही बरोबर तोच धडा घेतो. काम करायचे तर आमदार व्हावे. ‘मिनी मंत्रालय’ म्हणून गाजलेली जिल्हा परिषद अशी प्रतीक्षालय होऊन बसते.

आता हा माणूस आमदार होतो. काल तो ज्या खुर्चीवर होता तिथे आज दुसरा कोणीतरी बसला आहे, आणि त्याचाही फ्लेक्स लागला आहे. जिल्हा परिषदेला पैसा आणि अधिकार देणे म्हणजे पाच वर्षांनी समोर उभ्या राहणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती हत्यार देणे. इतरांना हे पुस्तकातून कळते, त्याला ते अनुभवाने माहीत असते, कारण आपल्या आधीच्या आमदाराला त्याने तसेच घाम फोडलेले असते. म्हणून खालून आलेला आमदार अनेकदा खालच्या संस्थेचा सर्वांत सावध पहारेकरी ठरतो. यात दुष्टपणा नाही. ज्या माणसाला पुन्हा निवडून यायचे आहे त्याच्या जागी बसून पाहिले तर हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

1993 हे साल या दृष्टीने बोलके आहे. त्या वर्षी 24 एप्रिलला पंचायतींना घटनेत स्थान देणारी 73वी दुरुस्ती लागू झाली. त्याच वर्षी 23 डिसेंबरला खासदार निधीची योजना सुरू झाली. एका हाताने गावगाड्याला स्वराज्य आणि दुसऱ्या हाताने गावातला रस्ता कोणाच्या शिफारशीने व्हावा याची वाट मोकळी. तीस वर्षांनी कोणती योजना अधिक रुजली हे सांगायला तज्ज्ञ नको. जिल्हा नियोजन समितीचेही असेच. घटनेप्रमाणे तिच्या सदस्यांपैकी चार पंचमांश पंचायती आणि नगरपालिकांनी आपल्यातून निवडायचे आहेत. समितीची कल्पनाच खालून वर योजना जावी ही. महाराष्ट्राने 1998 च्या कायद्याने तिचे अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे दिले. नवे सरकार आले की पालकमंत्रिपदासाठी का चुरस लागते आणि नाराजीच्या बातम्या का येतात, त्याचे उत्तर या एका कलमात आहे.

कोणी म्हणेल, तुम्ही एका बाजूचेच सांगता, आर. आर. (आबा) पाटलांचे काय? रास्त प्रश्न आहे, कारण महाराष्ट्राच्या अलीकडच्या राजकारणात खालच्या अनुभवाचा इतका प्रामाणिक वापर दुसऱ्या कोणी केला नसेल. 1979 ते 1990 ते सांगली जिल्हा परिषदेत होते, मग तासगावचे आमदार. ग्रामविकास मंत्री झाल्यावर त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यामागे गाव कसे हलते याची जाण होती: बक्षिसासाठी गावागावांत ईर्षा लागते, लोकवर्गणी निघते, पोरे झाडू घेतात, बायका पुढे येतात, आणि सरकारचा पैसा तुलनेने थोडाच लागतो. गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहिमेतही हीच ओळख होती. पण नीट पाहा. दोन्ही मोहिमा मुंबईहून निघाल्या, निकष मुंबईत ठरले, समित्या शासन निर्णयाने बनल्या. ग्रामपंचायतीला झाडू आला, कर बसवण्याची किंवा माणसे नेमण्याची ताकद आली नाही. आबांसारख्या माणसालाही खालची समज वर नेऊन योजनेत ओतता आली, अधिकाराच्या रूपाने ती खाली परत पाठवता आली नाही. माझ्या म्हणण्याला हा अपवाद नाही. उलट सद्भाव असतानाही रचना कुठे अडवते, हे त्यातून दिसते.

खरा कठीण आक्षेप दुसराच आहे, आणि तो वसंतराव नाईकांच्या नावाचा आहे. नाईक पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले, म्हणजे अस्सल खालून आलेले. महसूल मंत्री असताना 1960 मध्ये ते विकेंद्रीकरण समितीचे अध्यक्ष झाले. बलवंतराय मेहता समितीने विकासगटाला केंद्रस्थानी ठेवले होते. नाईक समितीने जिल्ह्याला बळ दिले. तिच्या 226 शिफारशींवर 1961 चा कायदा उभा राहिला आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, आरोग्य, शेती, बांधकाम ही खाती त्यांच्याकडे आली. विशेष म्हणजे आमदार-खासदारांना परिषदेच्या सदस्यत्वापासून दूर ठेवले. आजच्या आमदाराला हे सांगितले तर तो हसेल. मग इथे तर नगराध्यक्षाने अधिकार दिले की! दिले, पण का दिले ते पाहिले पाहिजे. 1957 च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडाला होता. राज्य नुकतेच मिळाले होते. यशवंतराव चव्हाणांना गावोगावच्या नव्या कर्त्या पिढीला, सहकारात आणि शेतीत पाय रोवलेल्या तरुणांना, पक्षाशी बांधून ठेवायचे होते. एवढ्यांना पुरतील इतक्या आमदारक्या नव्हत्या. जिल्हा परिषदेने हजारो पदे तयार केली आणि ती पदे पोकळ असती तर कोणी बांधले गेले नसते. यशवंतराव स्वतः स्वातंत्र्यचळवळीतून थेट कायदेमंडळात आलेले. अधिकार देण्यासाठी त्यांना नगरपालिकेचा अनुभव लागला नाही. आणि पक्ष भक्कम झाल्यावर ही निकड ओसरली. बोंगीरवार समितीने, पुढे बाबूराव काळे उपसमितीने आणि प्रा. पी. बी. पाटील समितीने फेरविचार केला, अहवाल आले; जिल्हा परिषदेचा तो पहिला जोर मात्र परतला नाही. त्या पहिल्या काळाच्या मागे-पुढे पाहिले की दिसते, दात्याचा भूतकाळ तोच राहिला, गरज तेवढी बदलली.

हे केवळ महाराष्ट्राचे नाही. वल्लभभाई पटेल 1924 ते 1928 अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते, जवाहरलाल नेहरू अलाहाबादचे, राजेंद्रप्रसाद पाटण्याचे. घटना समितीत नगरपालिका चालवलेल्यांची अशी मांदियाळी असूनही मूळ संविधानात ग्रामपंचायती मार्गदर्शक तत्त्वांतल्या एका कलमात आल्या, शहरांच्या संस्थांना तेवढेही नाही. स्थानिक शासन हा विषय राज्यांच्या यादीत टाकून मोकळे झाले. फाळणीच्या धगीत केंद्र भक्कम हवे होते, हे समजण्यासारखे आहे. म्हणजे पुन्हा गरजच. इंडोनेशियात जोको विडोडो सोलो शहराचे महापौर म्हणून नावारूपाला आले, जकार्ताचे गव्हर्नर झाले आणि 2014 मध्ये राष्ट्राध्यक्ष. तिथल्या विकेंद्रीकरणाचे ते सर्वांत ठळक अपत्य. त्यांच्याच काळात 2020 मध्ये खाण परवान्यांचे अधिकार प्रांतांकडून जकार्ताला परत गेले. याउलट केरळमध्ये 1996 च्या लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजना खर्चाचा 35 ते 40 टक्के भाग स्थानिक संस्थांकडे गेला. तिथे बराच काळ दर पाच वर्षांनी सरकार पालटत आले होते. सत्तेबाहेर जाण्याची खात्री असलेल्या आघाडीला पंचायतींत मुक्कामाची जागा लागते, असे मला वाटते. केरळच्या नेत्यांना अधिक थोर ठरवण्याची गरज नाही.

आता ज्यांना हा सगळा उपद्व्यापच नको त्यांच्याकडे वळतो. ते म्हणतात, खाली ठेकेदारी माजली आहे, बदल्यांचे दर ठरलेले असायचे, अधिकार दिले तर लूट वाढेल. बदल्यांबाबत त्यांचे म्हणणे पोकळ नाही. 2017 च्या शासन निर्णयानंतर जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकीय प्रणालीने होऊ लागल्या आणि असंख्य शिक्षकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. विशेषतः दुर्गम भागात वर्षानुवर्षे अडकलेल्यांनी. मी तो निर्णय मागे घ्या म्हणणार नाही. पण ठेकेदारीच्या बाबतीत 2515 चे पत्र घेऊन मुंबईला जाणारा ठेकेदार काही जिल्हा परिषदेतल्यापेक्षा सोवळा नसतो. फक्त त्याचा व्यवहार गावापासून दूर होतो आणि गावाला दिसत नाही.

याहून गंभीर भीती सरंजामाची आहे. जिल्ह्यात सत्ता एकवटली की साखर कारखाना, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था आणि झेडपी एकाच घरात नांदतात, दलितांना आणि भटक्यांना दाद मागायला जागा राहत नाही. 4 नोव्हेंबर 1948 ला घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याला राष्ट्राचा पाया मानायला नकार दिला तो याच कारणाने, आणि त्या नकाराला उत्तर देणे सोपे नाही. मला एवढेच दिसते की अधिकार मुंबईला गेल्याने ती घरे मोडली नाहीत. त्यांनी आमदारकी आणि मंत्रिपदही घरात आणले. कधी कधी तर जिल्हा परिषद ही वारसाची रंगीत तालीम होते. रोहित पवार 2017 मध्ये पुणे जिल्हा परिषदेत आणि धीरज देशमुख त्याच वर्षी लातूरमध्ये निवडून आले. 2019 मध्ये दोघेही विधानसभेत. त्यांच्या कर्तृत्वाचा हा हिशेब नव्हे. पण दोन वर्षांची ही पायरी आणि आबांची अकरा वर्षे एकाच मोजपट्टीत बसत नाहीत. दुर्बळांसाठी जे झाले ते आरक्षणाने झाले, आणि ते खालीच झाले.

त्यातला सर्वांत मोठा भाग स्त्रियांचा. आधी तेहतीस टक्के, 2011 पासून पन्नास टक्के. आरक्षणाची सोडत तुम्ही पाहिली असेल: काचेच्या भांड्यात चिठ्ठ्या, शाळेतले एखादे मूल हात घालते, आणि सभागृहात कोणाचे तरी पाच वर्षांचे गणित तिथल्या तिथे कोसळते. या फिरत्या आरक्षणाने बायका आल्या, आणि त्याच फिरतीमुळे पुढच्या वेळी तोच गट त्यांच्या हातून गेला. ‘सरपंचपती’वर विनोद करणाऱ्यांनी हेही पाहावे की स्वतःचे काम दाखवून पुन्हा मत मागण्याची संधी किती जणींना मिळाली. खाली निम्म्या जागा भरणाऱ्या स्त्रिया 2019 च्या विधानसभेत 288 पैकी 24 होत्या. चढणाऱ्यांच्या गोष्टी पुरुषांच्याच का आहेत, याचे उत्तर यात आहे.

हे बदलेल ते 2023 च्या 106व्या घटनादुरुस्तीने, जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेनंतर ती लागू होईल तेव्हा. आजच्या 288 च्या हिशेबाने सुमारे 96 मतदारसंघ स्त्रियांसाठी राखीव होतील. काही ठिकाणी आमदारांच्या बायका आणि सुना पुढे येतील, यात शंका नको. पण 96 घरांत तेवढ्या तयार उमेदवार नाहीत. पक्षांना शेवटी जिल्हा परिषदांत आणि नगरपालिकांत काम केलेल्या बायकांचीच दारे ठोठवावी लागतील. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. जवळपास तितकेच पुरुष नेते, आपापल्या तालुक्यात वजन असलेले, एकाएकी विधानसभेबाहेर राहतील. त्यांना पाच वर्षे कुठेतरी उभे राहावे लागेल. विधान परिषद सगळ्यांना पुरत नाही, महामंडळांच्या नेमणुका रखडतात. उरते जिल्हा परिषद, आणि तीही आज आहे तशी नको असेल. मंत्रालयात पत्रे घेऊन हेलपाटे घालायची सवय नसलेल्या या माणसांना परिषदेला स्वतःचा पैसा, नियोजन समितीचे अध्यक्षपद आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यावर खरा अधिकार हवा असेल. 1960 नंतर वरच्या राजकारण्यांना खाली बळकट संस्था स्वतःसाठी लागण्याची ही पहिली वेळ असेल. ते मागतील तेव्हा ते आत्महितासाठी मागत आहेत, अशी टीका होईल आणि ती खरीही असेल. नाईक समितीच्या वेळीही ती खरी होती.